जावयाच्या पलंगाची नवार

"कुत्रीला?" बाजारातल्या दोरवाल्या केराबाईनं हातातली दोरी तशीच धरून माझ्याकडं पाहिलं. "कुत्रीला एवढं लांब? लेकी, कुत्री हाय का हत्ती?"

"कुत्रीच हाय. पण लांबच पायजे."

"बांधायला हातभर दावं बास होतंय."

"बांधायचं न्हाई. सोडायचंय."

शेजारचा मिरचीवाला खदाखदा हसला. "सोडायला दोरी कशाला लागती, बाई? सोडलं की सुटलं."

नवरा सोडून माहेरी बसलेल्या बाईला बाजारात मिरच्यासुद्धा दोन प्रश्न विचारल्याशिवाय मिळत नाहीत. तिथं मी कुणाकुणाला सांगत बसू की आठवडाभरापूर्वी माझा नवरा व्यंकट येऊन गेला, आता वेळा अमावस्येला पुन्हा येणार आहे, आणि त्या दिवशी ही कुत्री माझ्या हाकेला आली नाही तर मलाही तिच्यामागं त्याच्या घरी जावं लागणार आहे?

केराबाईनं तीन दोऱ्या पुढ्यात टाकल्या. काथ्याची हातात घेतली तर तळव्याला टोचली. सुताची मऊ होती, पण जाड. तिसरी नायलॉनची, हिरवीगार, हलकी, साप सोडल्यासारखी सळसळणारी.

"ही ने. तुटायची न्हाई," केराबाई म्हणाली.

मी तीच नेली. घाई होती. त्या दिवसांत माझं सगळंच घाईत चाललं होतं. भाकरी करपत होत्या, भांडी हातातून निसटत होती. रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला की मी चुलीपुढून उठून दारामागं जायची. कुणी नाव घेऊन हाक मारली की माझा हात आपोआप डाव्या कानावर जायचा. त्या कानाची पाळी फाटलेली होती. आप्पांनी मी आले तेव्हाच ती पाहिली होती.

"कुडी कशात अडकली गं?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

"हातात," मी म्हटलं होतं.

"कुणाच्या?" हे काही त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "भांड्याला भांडं लागतंच, अने. नवऱ्यानं हाक मारली की बाईनं लगेच जावं. उशीर केलास असशील."

आप्पा म्हणजे माझे वडील. वाईट माणूस नव्हते. आई गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. पण गावात त्यांना मान होता तो एका गोष्टीसाठी, आणि त्या गोष्टीनंच माझा घात व्हायची वेळ आली होती. दोन घरांत जनावरावरून भांडण लागलं की लोक आप्पांना बोलवायचे. आप्पा ते जनावर मधोमध मोकळं सोडायला लावायचे आणि दोघांना दोन टोकांना उभं करून हाका मारायला सांगायचे. वासरू ज्याच्याकडं जाईल त्याचं. "जनावराला खोटं बोलता येत न्हाई," असं ते म्हणायचे. त्यावर कधी कुणी तक्रार केली नव्हती.

ती कुत्री, भिंगरी, कारवानी जातीची होती. लांब तोंडाची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, आणि पळायला लागली की जमिनीला पाय लागतात की नाही हे दिसायचं नाही. व्यंकटनं तिला ससे धरायला पाळली होती. खायला मी घालायची. ज्या सकाळी मी ते घर सोडलं आणि शेताशेतानं चालत निघाले, त्या सकाळी ती माझ्यामागं आली. मी दगड मारले, परत जा म्हणाले. ती लांब उभी राहायची आणि पुन्हा यायची. शेवटी मी दगड मारायचं सोडलं.

व्यंकट आला तो बायकोसाठी नाही. कुत्रीसाठी.

"माझं जनावर चोरून आणलंय हिनं," ओसरीवर चहा पीत तो आप्पांना म्हणाला. "मामा, हजार ठिकाणी मागणी हाय त्या कुत्रीला."

"चोरली न्हाई. आपल्या पायानं आली," मी आतून म्हटलं.

"अने, तू आत हो." आप्पांनी बराच वेळ मिशी चोळली आणि मग स्वतःचीच ती प्रसिद्ध युक्ती काढली. वेळा अमावस्येला सगळे शेतात असतातच. माळावर कुत्री सोडायची. दोघांनी हाका मारायच्या.

व्यंकट हसला. "कुत्री आली की बाईबी येती मागनं."

आप्पांनी मान हलवली. तो गेल्यावर ते मला म्हणाले, "त्याची ठरली तर तू बी जा. मुकं जनावर धनी ओळखतं, आपण तर माणसं. लोकांच्या तोंडाला किती दिवस हात लावायचा?"

मी ओरडले, रडले नाही. ओरडून काही झालं नाही. मग मी बाजारात जाऊन दोरी आणली.

कारण भिंगरी माझ्या हाकेला येत नव्हती. साखळीत असली की यायची. साखळीत कोण येत नाही? साखळी काढली आणि समोर माळ दिसला की ती माझी राहायची नाही. एखादा ससा उठला की दिवस मावळेपर्यंत बेपत्ता. मला बांधलेली आणि सोडलेली यांच्या मधली अवस्था हवी होती. नवा खोंड औताला शिकवताना आप्पा त्याला लांब कासरा लावायचे, तसं. त्याला वाटलं पाहिजे मोकळा आहे, आणि आपल्या हातात तर असला पाहिजे.

नायलॉनच्या दोरीनं पहिल्याच सकाळी माझे तळहात सोलले. माळावर टिटवी उडाली, भिंगरी सुटली आणि ती हिरवी दोरी माझ्या मुठीतून आग लावत गेली. दोरी संपली तशी भिंगरीच्या गळ्याला हिसका बसला. ती हवेतच उलटी झाली, पाठीवर पडली, आणि तिथंच पोट वर करून निजून राहिली. माझ्याकडं बघत. मी मारीन म्हणून.

तिचे ते डोळे बघून मला एवढा राग आला की मी दोरी बाभळीत फेकून दिली. राग तिच्यावर नव्हता.

मग गोठ्यातला जुना सुती कासरा लावला, आणि गळ्याला नाही तर आप्पांच्या फाटक्या सदऱ्याची पट्टी करून छातीला. हात वाचले. पण पहाटेच्या दवात तो भिजून जड व्हायचा, कुसळं गोळा करायचा, दगडाला अडकायचा. भिंगरी चार पावलं टाकायची आणि मागं वळून त्या कासऱ्याकडं बघायची. तो आहे हे तिला कळत होतं, म्हणून ती माझी आज्ञाधारक होती. कासरा काढला की पुन्हा तेच. मला असं काहीतरी हवं होतं की जे आहे हे तिला कळू नये आणि मला मात्र कळावं.

दिवस चालले होते. अमावस्या जवळ येत होती. दुपारी घरात आडवी पडले तरी झोप लागायची नाही. अशाच एका दुपारी मी उठले, पाणी प्यायले, परत बसले, परत उठले, आणि माझी नजर मधल्या खोलीतल्या पलंगाकडं गेली.

तो जावयाचा पलंग होता. माझ्या लग्नाच्या वर्षी आप्पांनी खास करवून घेतला होता, सागवानी चौकट आणि पांढरी, निळ्या काठाची रुंद नवार. त्यावर कुणीही झोपायचं नाही. आप्पा स्वतः खाली घोंगड्यावर झोपायचे. मला ताप आला तेव्हासुद्धा मी त्याच्या शेजारी जमिनीवर पडले होते. दिवाळीला, जत्रेला, वर्षातून एखाद-दोनदा व्यंकट यायचा आणि त्यावर बूट घालून पडायचा.

मी नवारीवरून हात फिरवला. चपटी. हलकी. हाताला न कापणारी. चपटी म्हणजे पीळ पडणार नाही, गवतावरून नुसती घसरत जाईल.

मी गाठी शोधल्या आणि सोडवायला लागले.

नखं तुटली. आप्पांनी नवार अशी ताणून विणली होती की जावयाला कधी झोळ लागू नये. अर्धा पलंग उसवला होता तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"अने! काय करायलीस?"

"दोरी पायजे."

"अगं, जावयाचा पलंग हाय तो!"

"माहीत हाय."

"अमावस्येला ते आले तर झोपायचे कशावर?"

"जमिनीवर. जमीन चांगली मजबूत हाय."

त्यांचा हात वर गेला. मी कान झाकला. दोघंही तसेच थांबलो, चित्रातल्यासारखे. मग त्यांनी हात खाली घेतला, पुटपुटत बाहेर गेले. मी उरलेली नवार सोडवली, टोकाला टोक शिवलं. हातातल्या टोकाला फास ठेवला नाही, म्हणजे झुडपात अडकणार नाही.

दुसऱ्या दिवशी माळावर भिंगरी त्या नवारीला विसरली. खरोखर विसरली. गवतावरून पांढरी पट्टी तिच्यामागं वाहत होती आणि ती वास घेत, थांबत, पळत चालली होती. मी हाक मारली. जुनी हाक नाही. "भिंगरे" म्हटलं की तिचे कान डोक्याला चिकटायचे, ती हाक व्यंकटनं नासवून टाकली होती. मी नवी काढली.

"बये, ये."

ती थांबली. मी नवार नुसती उचलली, ओढली नाही. ती आली. मी भाकरीचा तुकडा दिला आणि म्हटलं, "जा."

ती गेलीच नाही. तिला कळेना. बोलावून कुणी परत जा म्हणतं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

"जा की."

मग रोज तेच. बये ये, भाकरी, जा. बये ये, पाठीवर हात, जा. आप्पा बांधावर बसून बघायचे आणि वैतागायचे.

"कशाला बोलावलीस तिला?"

"काय न्हाई. नुसतं."

"कामाशिवाय बोलावतंय का कुणी? जनावराला न्हाई, माणसाला न्हाई!"

"म्हणूनच येत न्हाईत," मी म्हटलं.

एकदा मी नवार सोडून दिली, नुसती तिच्यामागं घसटू दिली. एकदा सगळीच काढली. आणि त्याच दिवशी ससा उठला. भिंगरी गेली. मी हाका मारून मारून घसा बसवला. ती परत आली तेव्हा जीभ लोंबत होती आणि बांधावर आप्पा काठी घेऊन उभे होते.

"आता आलीस व्हय गं?"

मी काठी मधेच धरली. "आली ना? आली की मारायचं न्हाई."

"आणि उशीर केला त्याचं काय? पूजा करू तिची?"

"करा."

काठी मी सोडली नाही. त्यांनी सोडली.

वेळा अमावस्या उजाडली. आमच्या भागात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही असं म्हणतात, सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून आप्पांनी आत पूजा मांडली. मी भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील घेऊन आले, पण स्वतः न जेवता बाजूला बसले. शेजारचे सोपानकाका जेवायला आमच्यात होते. चौथा उंडा मोडत ते म्हणाले, "अने, खा की. फाशीला निघाल्यागत काय बसलीस?"

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली.

व्यंकट नव्या पांढऱ्या कपड्यात होता. जेवला पोटभर. आप्पांना नमस्कार केला. माझ्याकडं बघितलं नाही. हात धुतले, दात कोरले आणि म्हणाला, "चला मामा, उरकून टाकू."

सोपानकाका भिंगरीला घेऊन माळाच्या मधोमध एकट्या बाभळीपाशी गेले. व्यंकट रस्त्याकडच्या टोकाला, मी कोपेकडच्या. आप्पा मधे, बांधावर. माझ्या हातात नवार नव्हती. ती कोपेत गुंडाळून ठेवली होती आणि माझी बोटं रिकामीच तिला चाचपत होती.

काकांनी पट्टा काढला.

व्यंकटनं तोंडात दोन बोटं घालून शीळ मारली. "भिंगरेऽ!"

ती एकदम खाली बसली. कान डोक्याला, शेपूट पायात. आणि मग पोट जमिनीला घासत, चोरासारखी, ती त्याच्याकडं निघाली.

"बये, ये!" मी ओरडले. आवाज फाटला. एक कान हलला तिचा. पण ती थांबली नाही. मला ते चालणं माहीत होतं. चुलीपुढून उठून त्या घराच्या माडीवर मी तशीच जायची. जायचं नसायचं. पाय जायचे.

"ओळखलं बगा धन्याला!" सोपानकाका ओरडले.

आप्पांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "अने, पिशवी भर."

भिंगरी त्याच्या पायाशी पोचली आणि पोट वर करून पडली. झालं होतं. व्यंकटनं नुसतं वाकून तिच्या मानगुटीवर हात ठेवायचा होता. कुत्री त्याची, आणि कुत्रीमागून मी.

"एवढा वेळ लागतोय व्हय गं तुला?" तो म्हणाला, आणि त्यानं बुटाच्या टोकानं तिच्या बरगडीत लाथ घातली.

मुद्दाम नाही. रागानंसुद्धा नाही. जेवल्यावर ढेकर द्यावी तशी. आली की द्यायची, ही त्याची सवय होती.

भिंगरी किंचाळली आणि सुटली. माझ्याकडं नाही, कुणाकडंच नाही. सरळ माळावर, जिकडं ससे आहेत, जिकडं कुणी माणूस नाही तिकडं.

"गेली," सोपानकाका म्हणाले. "आता दोघांची बी न्हाई."

माझ्या अंगात आग होती. दगड घेऊन व्यंकटचं डोकं फोडावं असं वाटत होतं. पण आगीच्या आवाजाला कुत्रं येत नाही, हे मला त्या नवारीनं शिकवलं होतं. मी खाली बसले. श्वास आत घेतला. रोज सकाळी म्हणत होते तसंच म्हटलं, ना मोठ्यानं, ना हळू.

"बये, ये."

लांबवर तो करडा ठिपका कलला. कारवानी कुत्री थांबत नाहीत, वळतात. माळाला मोठा वळसा घालून ती आली आणि माझ्या गुडघ्यांवर अशी आदळली की मी मागं पडले. पदरात उंड्याचा तुकडा होता. दिला. बरगडीवर हात ठेवला, ती थरथरत होती.

मग मी म्हटलं, "जा."

"अगं धर तिला!" सोपानकाका ओरडले. "येडी का काय!"

मी धरलं नाही. ती चार उड्या लांब गेली, वळून बघितलं. "बये, ये." ती आली. "जा." गेली. "ये." आली. बांधाबांधावरचे लोक जेवण सोडून उभे राहिले होते.

व्यंकटच पहिल्यांदा बोलला. "ही सर्कस ऱ्हाऊ द्या. मामा, पहिल्यांदा माझ्याकडं आली. ठरलं तसं ठरलं."

"तसं बगितलं तर..." सोपानकाकांनी डोकं खाजवलं.

आप्पा बांधावरून उतरले. हळूहळू चालत व्यंकटच्या समोर येऊन उभे राहिले. ते त्याच्या तोंडाकडं बघत नव्हते, बुटाकडं बघत होते.

"आली होती. खरं हाय," ते म्हणाले. "मग आल्यावर मारलात कशाला?"

"उशीर केला की तिनं!"

आप्पांनी मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाकडं नाही. डाव्या कानाकडं. वारा सुटला होता, कोपेचा कडबा सळसळत होता.

व्यंकटला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं कपडे झटकले. "बरं, आज मुक्काम करतो. सकाळी दोघींना घेऊन जातो."

"मुक्काम जमायचा न्हाई, व्यंकटराव."

"का बरं?"

"पलंग उसवलाय."

"मग खाली टाका की काहीतरी."

"खाली मी झोपतो," आप्पा म्हणाले. "आणि जावयाला खाली झोपवायची आमच्यात पद्धत न्हाई."

"मग कधी व्हईल पलंग?"

"न्हाई व्हायचा. नवार तुटलीय."

नवार तुटलेली नव्हती. कोपेच्या दारात गुंडाळी दिसत होती, निळ्या काठासकट. व्यंकटनं ती पाहिली. सोपानकाकांनीही पाहिली आणि ते एकदम आंबिलीच्या मडक्यात डोकं घालून बसले. आयुष्यभर मुक्या जनावराच्या साक्षीवर निवाडे देणारा माझा बाप भर माळावर उघड उघड खोटं बोलत उभा होता.

व्यंकट काहीतरी बोलला. आईवरून बोलला. आप्पा हलले नाहीत. मग त्यानं मोटारसायकलला लाथ मारली, आणि ती दुसऱ्या लाथेला सुरू झाली.

दिवस उतरणीला लागला तशी मी भांडी गोळा केली. भिंगरी बांधाबांधानं हुंगत फिरत होती. आप्पा कोपेपाशी बसून होते, विडी हातात तशीच, न पेटवलेली. सकाळपासून ते माझ्याशी नीट बोलले नव्हते, आणि मला वाटत होतं आता माझी पाळी. पलंगाचा हिशेब निघणार.

"अने!"

माझा हात कानाकडं निघाला. मी भांडी खाली ठेवून गेले. उशीर केला नाही. त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काय, आप्पा?"

त्यांनी वर पाहिलं. शेजारच्या टोपलीतून राहिलेला एक उंडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"काय न्हाई," ते म्हणाले. "नुसतं बोलावलं."

मी तशीच उभी.

"जा," आप्पा म्हणाले.